खालून वर

वास आधी मला आला.
सहाव्या दिवशी पहाटे,
हानुस कुशीवर वळला तेव्हा.
गोडसर. ओला.
या बेटावर मांस राखता न येणारी बाई नांदत नाही.
कुठला वास मुरल्याचा, कुठला कुजल्याचा,
नाकाला विचारावं लागत नाही.

म्हटलं, सदरा वर कर.
म्हणाला, काही नाही गं, टाके ओढतायत.
बेंबीखाली चौदा पिना.
त्यातल्या तिघींभोवती लाली,
आणि बोट टेकवलं तर
चुलीच्या कडेसारखी ऊब.

चाळीस वर्षं तो ऑक्टोबरात मेंढरं सोलतोय.
बापानं शिकवलेलं एवढंच:
पोट उघडताना धार वर,
पात्याच्या पुढं स्वतःची दोन बोटं.
आतडं फुटलं की मांस बाटलं.
त्याच्या हातून एकही फुटलं नाही.

आणि त्याचं स्वतःचं
वीस वर्षं आतल्या आत धुमसत होतं.
किती रात्री संडासाच्या दाराबाहेर
मी पाण्याचा पेला घेऊन उभी राहिले,
किती लग्नांतून आम्ही जेवणाआधी उठलो.
डॉक्टर मार्युननी हातभर कापून काढलं.
शुद्धीवर येताच त्याचा पहिला प्रश्न:
फुटलं का?
थोडं, त्या म्हणाल्या. चिकटलं होतं, सोडवताना.
तो भिंतीकडे तोंड करून पडला,
जणू सुरी त्याच्याच हातात होती.

त्यांनी आधी सांगितलं होतं सगळं.
इतक्या वर्षांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या,
उतरलेलं वजन, थकलेलं रक्त;
जखम चिघळू शकते.
आम्ही मान हलवली होती.
सही करताना माणूस मानच हलवतो.

समुद्राखालच्या बोगद्यातून पुन्हा तोर्सहाव्हन.
तीन पिना निघाल्या, मग आणखी चार.
जे बाहेर आलं ते मी पाहिलं,
तो छताकडे बघत राहिला.
पुसा, धुवा आणि शिवून टाका की, म्हणाला.
शिवायची नाही, त्या म्हणाल्या.
उघडीच ठेवायची.

घरी रोज सुन्वा येते, जिल्ह्याची नर्स,
बूट दाराशी काढते, मोज्याला भोक.
जुनं गॉझ ओढते, तेव्हा हानुस
गावातल्या सगळ्या मेंढ्यांना शिव्या देतो.
ती काडी आत घालून खोली मोजते:
चार. चार. पावणेचार.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिते,
कोकरांच्या हिशेबाच्या खाली.
वरून मिटली तर आत तळं राहील, ती म्हणते,
खालून वर भरू द्यायची.
घाई कातडीला असते, मांसाला नसते.

एका दुपारी तो दिसेना.
मांस वाळवायच्या खोपटात सापडला,
रिकाम्या आकड्यांखाली उभा,
पोटावर हात.
फळ्यांमध्ये बोटबोट फट,
त्यातून वारा आरपार.
आजोबांनी बांधलं तेव्हा, म्हणाला,
लोकांना वाटलं फळ्या कमी पडल्या.
बराच वेळ आम्ही दोघं तिथंच.
मी विचारलं नाही, दुखतंय का.

ऑक्टोबर आला. वजन उचलायला बंदी.
तो स्टुलावर, ब्लँकेट गुंडाळून,
आणि सुरी शेजारच्या बार्दूरच्या हातात,
एकोणीस वर्षांचा, कान लाल झालेले.
धार वर, हानुस म्हणाला. बोटं पुढं.
पाचव्या मेंढराला फुटलं.
वास आला. कोणी बोललं नाही.
पोरगा सुरी खाली ठेवून बर्फासारखा उभा.
मला वाटलं आता हानुस ओरडेल,
त्याचा बाप तर हाणायचा.

होतं, तो म्हणाला.
बाटलेलं कापून टाक. बाकीचं मिठाच्या पाण्यानं धू.
हे आकड्यावर वेगळं टांग, कोपऱ्यात,
वारा लागेल असं.
मग बघू.

दुसऱ्या दिवशी सुन्वा आली, बूट काढले.
मी पेन्सिल घेऊन उभी.
काडी आत गेली.
बाहेर वारा पडला होता,
आणि आम्ही तिघंही
कोपऱ्यातल्या त्या मेंढराचा विचार करत होतो.